गाणारी बोटे

साठीनंतर पेटी किंवा ऑर्गन शिकायला बसणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती सुरांची नव्हे, बोटांची. नाट्यपदे ऐकण्यात आयुष्य गेलेले असते, त्यामुळे सूर कानात असतो. पण अंगठा कधी खालून काढायचा, करंगळीवर किती भार टाकायचा, हे हाताला ठाऊक नसते. निवृत्तीनंतर डोंबिवलीहून ठाण्याला ऑर्गन शिकायला जाणाऱ्या मला अशा वेळी गोविंदराव टेंब्यांचे चरित्र मोठा आधार देते.

गोविंदरावांचा जन्म १८८१ चा. कोल्हापूरच्या संगीतमय वातावरणात, देवल क्लबच्या बैठका ऐकत ते वाढले. पेटी त्यांनी बरीचशी आपली आपणच आत्मसात केली. पण ती चांगली वाजावी म्हणून त्यांनी ध्यास घेतला तो गाण्याचा. भास्करबुवा बखल्यांना त्यांनी गुरू मानले आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीचा संस्कार मनावर घेतला. साथीचे वाद्य म्हणून मागे बसणारी पेटी त्यांच्या हाती स्वतंत्रपणे मैफल रंगवू लागली.

यातले मर्म बोटांशी निगडित आहे. पेटीचा सूर जागचा हलत नाही. गळ्यासारखी मींड तिच्यातून निघत नाही. मग गाण्याचा भास कसा व्हायचा? एक सूर सुटण्याआधी दुसरा लागला पाहिजे, मध्ये फट राहता कामा नये. त्यासाठी पुढच्या सुराला बोट मोकळे हवे. गाणाऱ्याचा सा काळी एक असेल, तर सा तर्जनीने आणि रे मधल्या बोटाने घ्यावा, गंधारावर खालून अंगठा आणावा. पुढे मध्यम, पंचम, धैवत तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांनी, निषाद पुन्हा अंगठ्याने आणि वरचा सा तर्जनीने. काळ्या पट्ट्या लांब बोटांच्या, पांढऱ्या अंगठ्याच्या, असा हा साधा हिशेब. अंगठ्याचा असा मुक्त वापर युरोपातही रुळला तो बाखच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकात. हातपेटीत एक हात भात्यावर गुंतलेला, त्यामुळे सारी मदार पाच बोटांवर. ऑर्गनचा भाता पायाने चालतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात; पण तेवढीच जबाबदारीही वाढते.

गोविंदराव एका यशावर विसावले नाहीत. १९११ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला चाली दिल्या. पूरबकडच्या ठुमरीचा ढंग त्यांनी मराठी रंगभूमीवर आणला. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. पुढे त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. आणि १९३२ साली, पन्नाशी गाठल्यावर, बोलपटासारख्या अगदी नव्या माध्यमात ते नवशिके होऊन उतरले. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोट्यांच्या तारामतीसमोर हरिश्चंद्र उभा केला तो त्यांनीच, संगीतही त्यांचेच होते.

त्यांच्या हयातीतच, १९४० साली, आकाशवाणीने पेटीला दारे बंद केली. ती पुन्हा उघडू लागली १९७१ मध्ये. ते पाहायला गोविंदराव नव्हते. १९५५ साली त्यांचे निधन झाले होते. ज्या वाद्याला त्यांनी मान मिळवून दिला, तेच वाद्य त्यांच्या अखेरच्या काळात नभोवाणीवर बहिष्कृत होते, हे आठवले की आजही मन खंतावते.

आज ठाणे-कल्याण परिसरात अनेक निवृत्त मंडळी पेटीपुढे बसतात. विशीतल्या मुलाची चपळाई आपल्या बोटांना येणार नाही, हे उघडच आहे. पण गोविंदरावांचे आयुष्य एक वेगळा मार्ग दाखवते. पद आधी गुणगुणावे, श्वास कुठे घेतला ते पाहावे आणि मग बोटे ठरवावीत. वेग कमी असला तरी चालेल. ओळ तुटू नये. ज्यांच्या कानात पन्नास वर्षांचे गाणे साठलेले आहे, त्यांच्याजवळ हे भांडवल तरुणांपेक्षा अधिकच असते.