बिल्ले वेगळे, इंजिन तेच! शेठ वालचंद हिराचंद यांच्या मोटार कारखान्याची गोष्ट

सोलापुरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी बोरघाटातले रेल्वे बोगदे खोदले, सिंधिया जहाज कंपनी उभी करण्यात पुढाकार घेतला, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवलं. मोटारीने मात्र त्यांना चांगलंच दमवलं.

सर विश्वेश्वरय्यांचा आराखडा हाताशी होता, पण तंत्र परदेशातूनच आणावं लागणार होतं. फोर्डशी बोलणी फिसकटली. १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला, तर महायुद्ध चालू असूनही इंग्रज सरकारने पाठबळ नाकारलं. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कारखाना कुर्ल्यात, म्हणजे आजच्या नवी मुंबईच्या खाडीपलीकडे. १९४७ मध्ये तिथून पहिली गाडी बाहेर पडली.

गंमत अशी, की डॉज, डिसोटो, प्लिमथ ही नावं वेगळी, पुढची जाळी आणि बिल्ला वेगळा. बॉनेट उघडलं की बहुतेकदा तेच सहा सिलिंडरचं इंजिन! एकीचा पार्ट दुसरीला चालायचा. मेकॅनिकला यापेक्षा काय हवं? पण सुटे भाग पेट्यांतून अमेरिकेहून यायचे, आणि शेठजींना तर गाडी इथेच घडवायची होती.

१९५० मध्ये तब्येतीपायी ते कारभारातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे पद्मिनी म्हणून टॅक्सी स्टँडवर दिसलेली फियाट त्यांनी पाहिली नाही. १९८० च्या दशकात त्याच कंपनीने फियाट १२४ च्या बॉडीत निसानचं इंजिन बसवून ११८ एनई बाजारात आणली.