खंजिरीचा नाद

अमरावती जिल्ह्यातील यावली या लहानशा खेड्यात ३० एप्रिल १९०९ रोजी बंडोजी इंगळे यांच्या घरी एक पुत्र जन्मास आला. त्याचे नाव माणिक. घरी अठराविश्वे दारिद्र्य असल्यामुळे माणिकचे शालेय शिक्षण लवकरच थांबले. पण भजनाची गोडी त्यास लहानपणीच लागली. वरखेड येथील आडकोजी महाराजांच्या सहवासात तो रमू लागला. भाकरीच्या तुकड्यावर राहणाऱ्या या बालभक्तास तुकड्या हे नाव मिळाले आणि पुढे तो तुकडोजी महाराज या नावाने विख्यात झाला.

तरुणपणी महाराजांनी रामटेक, सालबर्डी इत्यादी ठिकाणच्या अरण्यांत एकांतवास केला. परत आले ते हाती खंजिरी घेऊन. खंजिरी हे अगदी साधे वाद्य. लाकडाचे एक कडे, त्याच्या एका तोंडावर ताणून बसविलेले कातडे आणि कडेला बसविलेल्या धातूच्या चकत्या. एका हाताने ती धरावयाची व दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवावयाची, एवढाच तिचा व्यवहार. परंतु महाराजांची बोटे तिच्यावर पडली व त्यांचा खडा आवाज उमटला, की हजारोंचा समुदाय तल्लीन होऊन जाई. दिवसभर कपाशीच्या शेतात राबून आलेला शेतकरी आपला शीण विसरे. शेजारी कोणत्या जातीचा माणूस बसला आहे, याचेही भान कोणास उरत नसे. भजने मराठीत असत, तशी हिंदीतही असत. ती महाराजांनी स्वतःच रचलेली असत.

श्रोत्यांनी घटकाभर डोलावे आणि घरी जाऊन निजावे, एवढ्याने महाराजांचे समाधान होत नसे. अंतःकरण मऊ झाले, की ते त्यात विचाराचे बी पेरीत. गाव स्वच्छ ठेवा, व्यसने सोडा, अस्पृश्यता टाकून द्या, असे ते भजनांतूनच सांगत. अमरावती-अकोल्याकडील खेडोपाडी हा नाद पोहोचला. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. १९३६ साली सेवाग्राम येथे महात्मा गांधींच्या सान्निध्यात त्यांनी काही काळ घालविला.

मुलांनो, गाण्याचे सामर्थ्य केवढे असते, हे १९४२ साली दिसून आले. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात चिमूर आणि आष्टी येथील जनता इंग्रजी सत्तेविरुद्ध उठली. या जागृतीमागे महाराजांची भजने आहेत, हे सरकारने ओळखले. ज्याच्या हाती केवळ एक खंजिरी होती, त्या भजनकाराचे सरकारला भय वाटले! महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. सुटून आल्यावरही त्यांची वाणी मंदावली नाही. एकत्र बसून करावयाच्या सामुदायिक प्रार्थनेचा त्यांनी गावोगावी प्रसार केला. 'ग्रामगीता' या आपल्या ४१ अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथात त्यांनी आदर्श गाव कसे असावे, हे सांगितले. १९५५ साली ते विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. यावलीची खंजिरी अशा रीतीने सागरापार पोहोचली. लोक त्यांना आदराने राष्ट्रसंत म्हणू लागले.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे महाराजांनी देह ठेवला. २००५ साली नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. ज्यास शाळेत फार शिकता आले नाही, त्याचे नाव आज एका विद्यापीठाच्या पदवीपत्रावर झळकते.

दरवर्षी पुण्यतिथीस गुरुकुंजात हजारो माणसे जमतात. सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटे ही महाराजांच्या निर्वाणाची वेळ. ती होताच सारा समुदाय जागच्या जागी स्तब्ध होतो. आयुष्यभर ज्याने गाऊन लोकांस जागे केले, त्यास ते लोक मौनाने वंदन करतात.