चांदीच्या पाण्याचा एक थेंब

आमच्या हुपरीचे चांदीचे पैंजण सर्वदूर प्रसिद्ध आहेत. पण याच चांदीने असंख्य तान्ह्या बाळांची दृष्टी वाचवली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. हे घडवून आणणारे डॉक्टर म्हणजे कार्ल क्रेडे.

त्यांचा जन्म २३ डिसेंबर १८१९ रोजी बर्लिन येथे झाला. १८५२ साली ते तेथील सुईणींच्या शाळेचे प्रमुख झाले आणि १८५६ साली लायप्झिगला प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक. तेथील सूतिकागृहात एका दुखण्याने त्यांना अस्वस्थ केले. जन्मानंतर दोन-चार दिवसांत बाळाचे डोळे सुजत, पापण्या चिकटत, पू वाहू लागे. बुबुळावर फूल पडून कित्येक बाळे कायमची आंधळी होत. शंभरातील सुमारे दहा बाळांना हा विकार जडे. आईला परमा असला, की त्याचे जंतू प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोळ्यांत जात. हे जंतू १८७९ साली नायसर यांनी शोधले.

क्रेडे यांनी आधी मातांवर उपचार करून पाहिले. ते पुरेसे ठरले नाहीत. मग जून १८८० पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे धुऊन काचेच्या कांडीने सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा एकेक थेंब टाकण्यास त्यांनी सुरुवात केली. विकाराचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. मला यात मोठेपणा वाटतो तो ‘प्रत्येक’ या शब्दाचा. कोणती आई रोगी, ही चौकशीच उरली नाही. उपाय स्वस्त, सुईणीलाही जमणारा. १८८१ साली त्यांनी तो जगापुढे मांडला. १४ मार्च १८९२ रोजी त्यांचे निधन झाले.

ते द्रावण डोळ्यांना झोंबे, म्हणून पुढे बहुतेक ठिकाणी प्रतिजैविकांची मलमे आली.

माझी थोरली आत्या १९७२ सालची, घरीच जन्मलेली. आठवड्यातच तिचे डोळे चिकटले, पू आला. कुणी दृष्ट म्हणाले, कुणी काजळ घातले, कुणी अंगावरचे दूध पिळले. दवाखान्यात नेईतो दृष्टी गेली होती. क्रेडे यांच्या उपायाला तेव्हा ब्याण्णव वर्षे झाली होती. आमच्या उंबऱ्यापर्यंत तो पोचला नव्हता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून मैत्रिणींनो, मित्रांनो, एवढे घरोघरी सांगूया : नवजात बाळाच्या डोळ्यांतून पू आला, तर काजळ नको, वाट पाहणे नको, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.