महेंद्रवर्मा (पहिला)

पहिला महेंद्रवर्मा (कारकीर्द : अंदाजे इ.स. ६०० ते ६३०) हा दक्षिण भारतातील पल्लव घराण्याचा राजा होता. कांचीपुरम ही त्याची राजधानी होती. तमिळ प्रदेशात अखंड खडक कोरून मंदिरे उभारण्याची प्रथा रुजवणारा राजा म्हणून तो इतिहासात प्रसिद्ध आहे. ‘मत्तविलास प्रहसन’ या संस्कृत एकांकी नाटकाचा तो कर्ता आहे. आपल्याच राजधानीतील निरनिराळ्या पंथांच्या साधूंना रंगमंचावर आणून त्यांच्या दांभिकपणाला हसणारे हे नाटक उपलब्ध संस्कृत प्रहसनांपैकी सर्वांत जुन्या प्रहसनांत गणले जाते. पुढे रचल्या गेलेल्या शैव संतचरित्रांनी त्याला धर्मच्छल करणारा आणि नंतर पश्चात्ताप पावलेला राजा ठरवले. छळ करणारा राजा आणि हसणारा नाटककार, अशा या दोन प्रतिमांमुळे त्याचे चरित्र अभ्यासकांच्या विशेष कुतूहलाचा विषय ठरले आहे.

घराणे व राज्य

महेंद्रवर्मा हा सिंहविष्णू या पल्लव राजाचा पुत्र होय. सिंहविष्णूने पल्लवांची सत्ता दक्षिणेस कावेरीच्या खोऱ्यापर्यंत वाढवली होती, त्यामुळे महेंद्रवर्म्याला सुस्थिर व समृद्ध राज्याचा वारसा मिळाला. शिलालेखांत त्याची अनेक बिरुदे आढळतात. विचित्रचित्त, गुणभर, शत्रुमल्ल, ललितांकुर, अवनिभाजन, चित्रकारपुली, संकीर्णजाती आणि मत्तविलास ही त्यांतील काही होत. चित्रकारपुली म्हणजे चित्रकारांमधील वाघ. युद्धातील पराक्रमाइतकाच कलांमधील अधिकारही या राजाला मिरवावासा वाटत होता, हे या बिरुदांवरून दिसते.

त्याच्या काळातील कांची हे अनेक पंथांचे नगर होते. शैव, वैष्णव, बौद्ध आणि जैन असे सर्वच तेथे नांदत होते. महेंद्रवर्म्यानंतर काही वर्षांनी, सुमारे इ.स. ६४० मध्ये, या प्रदेशाचे वर्णन करणाऱ्या युआन श्वांग या चिनी यात्रेकरूने तेथील शंभराहून अधिक बौद्ध विहार, सुमारे १०,००० भिक्षू, ऐंशीच्या आसपास देवमंदिरे आणि बहुसंख्य जैन यांची नोंद केली आहे. राजाश्रय, दाने आणि अनुयायी यांसाठी या पंथांमध्ये स्पर्धा असणे स्वाभाविक होते. महेंद्रवर्म्याच्या नाटकाची पार्श्वभूमी हीच आहे.

चालुक्यांशी संघर्ष

महेंद्रवर्म्याचा प्रमुख प्रतिस्पर्धी बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी हा होता. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग पुलकेशीच्या साम्राज्यात मोडत होता. ऐहोळे येथील इ.स. ६३४–३५ च्या शिलालेखात ९९,००० गावे असलेल्या तीन महाराष्ट्रकांचे स्वामित्व त्याला लाभल्याचा उल्लेख आहे. रवीकीर्ती या जैन कवीने रचलेल्या याच प्रशस्तीनुसार पुलकेशीच्या सैन्यापुढे पल्लव राजाला कांचीच्या तटबंदीआड आश्रय घ्यावा लागला.

पल्लवांच्या उत्तरकालीन काशाकुडी ताम्रपटात मात्र निराळी हकिकत आढळते. कांचीजवळील पुल्ललूर येथे महेंद्रवर्म्याने आपल्या प्रमुख शत्रूंचा नाश केला, असे तो ताम्रपट सांगतो. मात्र त्या शत्रूंची नावे देत नाही. दोन्ही लेख आपापल्या पक्षाचे आहेत. दोहोंचा मेळ घालून चालुक्य सैन्य कांचीच्या परिसरापर्यंत आले, परंतु राजधानी त्यांच्या हाती पडली नाही, असा निष्कर्ष बहुतेक इतिहासकार काढतात. पूर्वेकडील वेंगीच्या प्रदेशात पुलकेशीने आपला भाऊ कुब्ज विष्णुवर्धन याची स्थापना केली. त्यामुळे पल्लवांच्या उत्तर सीमेला चालुक्यांची सत्ता कायमची येऊन भिडली.

शैलमंदिरे

विळुप्पुरम जिल्ह्यातील मंडगपट्टू येथील शैलमंदिर हे महेंद्रवर्म्याच्या वास्तुकार्यातील महत्त्वाचे स्मारक आहे. विटा, लाकूड, धातू आणि चुना यांपैकी काहीही न वापरता विचित्रचित्त राजाने हे मंदिर निर्माण केले, असा अभिमान तेथील संस्कृत लेखात व्यक्त झाला आहे. हे एकच मंदिर ब्रह्मा, शिव आणि विष्णू या तिघांना अर्पण केलेले आहे. पल्लवपूर्व तमिळ प्रदेशातील मंदिरे प्रामुख्याने विटा-लाकडांची असल्याने ती काळाच्या ओघात नष्ट झाली. त्या तुलनेत हा प्रयोग टिकाऊ ठरला आणि पुढील पिढ्यांनी मामल्लपुरम येथे तो वैभवास नेला.

दळवानूर, सीयमंगलम, वल्लम, मामंडूर आणि तिरुचिरापल्ली येथेही त्याच्या काळातील शैलमंदिरे आहेत. महेंद्रवाडी येथील मंदिर विष्णूचे असून ते राजाच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावाच्या काठी आहे. तिरुचिरापल्लीच्या टेकडीवरील शिवमंदिरात गंगाधर शिवाचे भव्य शिल्प कोरलेले आहे. शिव आणि विष्णू या दोन्ही देवतांची मंदिरे राजाने बांधली, ही गोष्ट त्याच्या नाटकाचा विचार करताना ध्यानात घ्यावी लागते.

मत्तविलास प्रहसन

भारतीय नाट्यशास्त्राने सांगितलेल्या रूपकाच्या दहा प्रकारांपैकी प्रहसन हा एक प्रकार असून हास्य हा त्याचा मुख्य रस असतो. ‘मत्तविलास’ या शीर्षकाचा अर्थ मद्यधुंदांची क्रीडा असा होतो आणि तेच राजाचे एक बिरुदही आहे. नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार कर्त्याचा परिचय सिंहविष्णुवर्म्याचा पुत्र महेंद्रविक्रमवर्मा असा करून देतो. संस्कृत व प्राकृत या दोन्ही भाषांचा वापर, गद्य संवाद आणि मधून मधून येणारी पद्ये अशी त्याची रचना आहे.

कथानक कांचीच्या रस्त्यावर घडते. सत्यसोम हा कापालिक साधू आपली सहचारिणी देवसोमा हिच्यासह मद्यधुंद अवस्थेत हिंडत असतो. मद्याच्या गुत्त्याला तो यज्ञमंडपाची उपमा देतो आणि गुत्त्यातील एकेका वस्तूत यज्ञाचे एकेक अंग पाहतो. भिक्षा घेण्याची वेळ येते तेव्हा हातातील कवटीचे भिक्षापात्र नाहीसे झाल्याचे त्याच्या लक्षात येते. या पात्रावरच त्याचे कापालिकपण अवलंबून असते, शिवाय त्यात भाजलेले मांसही असते. ते एखाद्या कुत्र्याने तरी नेले असावे किंवा एखाद्या बौद्ध भिक्षूने, असा त्याचा तर्क चालतो.

एवढ्यात नागसेन नावाचा बौद्ध भिक्षू एका श्रेष्ठीच्या घरचे सुग्रास भोजन उरकून येतो. त्याचे भिक्षापात्र चीवराखाली झाकलेले असते. बुद्धाने भिक्षूंना उत्तम अन्न आणि निवारा यांची मोकळीक दिली, तशीच मद्य व स्त्री यांचीही दिलीच असेल. ती वचने वृद्ध भिक्षूंनी मत्सरापोटी ग्रंथांतून वगळली असावीत, असे त्याला मनोमन वाटते. कापालिक त्याच्यावर चोरीचा आळ घेतो आणि दोघांची झोंबाझोंबी होते. मध्यस्थ म्हणून बभ्रुकल्प हा पाशुपत साधू पुढे येतो, परंतु त्याच्याही मनात जुन्या खासगी वैराचे शल्य असते. भिक्षूने आपले पात्र उघडून दाखवले, तरी त्याने कवटीचा रंग व आकार बदलला, असा हट्ट कापालिक धरतो. प्रकरण न्यायालयात नेण्याची सूचना होताच, विहारांच्या संपत्तीपुढे निर्धन कापालिकाचा काय निभाव लागणार, न्यायाधिकाऱ्यांची तोंडे लाच देऊन बंद केली जातील, अशी शंका देवसोमा घेते. अखेर एक वेडा मनुष्य कवटी घेऊन प्रवेश करतो. त्याने ती एका कुत्र्याकडून हिसकावून घेतलेली असते. कवटी मूळ मालकाला मिळते, भांडण मिटते आणि सर्व जण सलोख्याने निरोप घेतात.

उपहासाचे स्वरूप

या नाटकात कोणत्याही देवतेची थट्टा नाही. पंथाच्या आचार्यांनी घालून दिलेला नियम आणि तो पाळण्याचा आव आणणाऱ्या माणसाचे वर्तन यांतील अंतरावर सारा विनोद उभा आहे. भिक्षू त्यागाची वस्त्रे धारण करतो, परंतु त्याचे मन पक्वान्नांत गुंतलेले असते. कापालिक तत्त्वज्ञानाची भाषा बोलतो, मात्र त्याचा जीव मद्य आणि मांसात अडकलेला असतो. जैन साधू रंगमंचावर येत नाही, तथापि देहदंडनातून सुख मिळते या जैन मताला कापालिकाच्या तोंडून टोला मारलेला आहे. सर्वांना उलगडा हवा असलेले कोडे शेवटी वेड्याकडून सुटते, यातील मार्मिकता प्रेक्षकांच्या सहज लक्षात येते.

उपहासाचा रोख केवळ बौद्धांवर नाही. कापालिक आणि पाशुपत हे दोघेही शैव आहेत, म्हणजे राजाने ज्या देवाची मंदिरे कोरविली त्याचेच उपासक आहेत. त्याचप्रमाणे लाचखोर न्यायाधिकाऱ्यांचा उल्लेख थेट राजाच्या स्वतःच्या शासनाला लागू पडतो. सत्ताधाऱ्याने लिहिलेल्या उपहासात सत्तेलाही सोडलेले नाही, हे या प्रहसनाचे खास वैशिष्ट्य मानले जाते.

धर्मांतराची कथा

शैव संत अप्पर (तिरुनावुक्करसर) यांच्या चरित्राशी महेंद्रवर्म्याचे नाव जोडले जाते. बाराव्या शतकात सेक्किळार या कवीने रचलेल्या ‘पेरियपुराणम्’ या ग्रंथानुसार, जैन मताचा अनुयायी असलेल्या पल्लव राजाने जैन धर्म सोडून शैव झालेल्या अप्परांचा छळ केला. त्या छळातून अप्पर चमत्काराने वाचल्यावर राजा स्वतः शैव झाला आणि त्याने जैन मठ पाडून त्या सामग्रीतून तिरुवदिगै येथे गुणभरेश्वराचे मंदिर बांधले, असे त्यात म्हटले आहे. मंदिराच्या नावातील गुणभर हे बिरुद महेंद्रवर्म्याचे असल्याने हा राजा तोच, असे मानले गेले. तिरुचिरापल्लीच्या शिलालेखात विपरीत आचरणापासून शिवलिंगाकडे वळल्याचा जो श्लेषयुक्त उल्लेख आहे, त्याचाही आधार या मताला दिला जातो.

ही कथा राजाच्या काळानंतर सुमारे ५०० वर्षांनी ग्रंथबद्ध झाली आहे. त्या काळात शैव व जैन यांच्यातील विरोधाला निराळी धार आली होती. त्यामुळे तिच्यातील मठ पाडण्याचा प्रसंग जसाच्या तसा स्वीकारण्यास अनेक अभ्यासक तयार नाहीत. धर्मांतर झाले असल्यास नाटक त्याआधीचे की नंतरचे, याबद्दलही मतभेद आहेत. नाटकातील राजा सर्व पंथांना एकाच मापाने तोलतो, तर पुराणातील राजा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. यांपैकी पहिला पुरावा राजाच्या स्वतःच्या लेखणीतून आला आहे, हा त्याचा विशेष होय.

संगीत व इतर लेखन

पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील कुडुमियानमलै येथे खडकावर कोरलेला संगीतविषयक शिलालेख आहे. त्यात सात ग्रामरागांतील स्वरसमूह क्रमाने दिले आहेत. भारतीय संगीताच्या इतिहासातील हा अत्यंत महत्त्वाचा लेख असून परंपरेने तो महेंद्रवर्म्याचा मानला जातो, परंतु अलीकडील अनेक संशोधकांना हे कर्तृत्व मान्य नाही. ‘भगवदज्जुकीय’ हे योगी व गणिका यांच्या आत्म्यांच्या अदलाबदलीवरील प्रहसनही काही अभ्यासक त्याच्या नावावर मांडतात, तर इतर काही ते बोधायनाचे मानतात. मामंडूर येथील खंडित शिलालेखात ‘मत्तविलास’ प्रहसनाचा उल्लेख आहे.

रंगभूमीवरील परंपरा

तमिळ प्रदेशात लिहिले गेलेले हे नाटक केरळच्या मंदिरांत जिवंत राहिले. तेथील चाक्यार कलावंतांनी कूडियाट्टम् या संस्कृत नाट्यपरंपरेत ते जतन केले. या परंपरेत पद्ये विशिष्ट स्वरांत म्हटली जातात, मिळाव या मोठ्या वाद्याची व झांजांची साथ असते आणि हस्तमुद्रा व नेत्राभिनयातून एकेका शब्दाचा विस्तार केला जातो. त्यामुळे वाचनात अल्पकाळात संपणारी ही एकांकिका तेथे गायन-वादन-नृत्याने भरलेला दीर्घ प्रयोग बनते. कपालीच्या नृत्याला त्यात प्रमुख स्थान आहे. काही मंदिरांत हा प्रयोग संतानप्राप्तीसाठी नवस म्हणून केला जातो. साधूंच्या ढोंगाला हसण्यासाठी लिहिलेले नाटक अशा रीतीने स्वतःच एक धर्मविधी बनले. २००१ मध्ये युनेस्कोने कूडियाट्टम्‌ला मानवतेच्या मौखिक व अमूर्त वारशाचा दर्जा दिला.

केरळमधील हस्तलिखितांच्या आधारे टी. गणपतिशास्त्री यांनी १९१७ मध्ये त्रिवेंद्रम संस्कृत ग्रंथमालेत ‘मत्तविलास’ प्रसिद्ध केले. त्यानंतर हे नाटक आधुनिक वाचकांना उपलब्ध झाले.

उत्तराधिकार व महत्त्व

इ.स. ६३० च्या सुमारास महेंद्रवर्म्यानंतर त्याचा पुत्र पहिला नरसिंहवर्मा (मामल्ल) गादीवर आला. त्याने इ.स. ६४२ च्या सुमारास चालुक्यांची राजधानी वातापी जिंकून घेतली. पुलकेशीचा अंत याच युद्धात झाला असे मानले जाते. पित्याच्या काळातील पराभवाचा डाग पुत्राने अशा प्रकारे पुसला.

विजेता म्हणून महेंद्रवर्म्याचे स्थान नरसिंहवर्म्याच्या खालचे आहे. मात्र दगडातील मंदिरे आणि रंगभूमीवरील प्रहसन या दोन्ही क्षेत्रांत दक्षिणेतील पुढील परंपरेची सुरुवात त्याच्यापाशी होते. श्रद्धेसाठी मंदिरे उभारणे आणि श्रद्धेच्या नावाखाली चालणाऱ्या ढोंगाला हसणे या दोन गोष्टी त्याला परस्परविरोधी वाटल्या नाहीत. धर्म आणि उपहास यांच्या संबंधाचा विचार करताना त्याच्या नाटकाचा दाखला आजही दिला जातो, तो याच कारणाने.