गाडीचं ॲव्हरेज वाढवणारं यंत्र घेताय? आधी रुडॉल्फ डिझेलची गोष्ट वाचा

शेंदूरजनाघाट म्हटलं की संत्र्याची कलमं आठवतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यातलं हे गाव. इथल्या रोपवाटिकांमधली कलमं लांबलांबच्या शेतकऱ्यांकडे जातात. कलमं न्यायला छोटा टेम्पो, संत्री न्यायला ट्रक, शेतात ट्रॅक्टर. त्यामुळं महिन्याचा हिशेब मांडला की डिझेलचा आकडा त्यात येतोच.

आणि जिथं डिझेलचा खर्च, तिथं मोबाईलवर एक जाहिरात हमखास येते. डिझेलच्या नळीवर हे चुंबक बसवा, स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ही डबी खोचा, ॲव्हरेजही वाढेल आणि पिकअपही.

खरंच वाढतं का?

ह्याचं उत्तर ज्या माणसाच्या आयुष्यात सापडतं त्याचं नाव आपण पंपावर गेलो की घेतोच. रुडॉल्फ डिझेल. होय, डिझेल हे आधी माणसाचं आडनाव होतं, इंधनाचं नाव नंतर झालं.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मनीतल्या बव्हेरियाचे, पोटापाण्यासाठी पॅरिसला आलेले. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. १८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि जर्मन लोकांना पॅरिस सोडावं लागलं. हे कुटुंब लंडनला गेलं. तिथंही हातातोंडाची गाठ पडेना, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं.

पोरगं हुशार निघालं. शिष्यवृत्ती मिळवून थेट म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये पोचलं. तिथं त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे, थंडावा तयार करणाऱ्या यंत्रांमधलं तेव्हाचं मोठं नाव.

वर्गात एक गोष्ट त्याच्या डोक्यात घुसली ती कायमची. त्या काळी सगळं जग वाफेच्या इंजिनावर चालायचं, पण ते इंजिन कोळशातल्या उष्णतेचा फार तर दहावा हिस्सा कामाला लावायचं. बाकीची उष्णता वाया. साडी कार्नो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं १८२४ सालीच दाखवलं होतं की कुठल्याही उष्णतेच्या इंजिनाला एक कमाल मर्यादा असते, आणि ती आतलं तापमान किती चढतं आणि किती उतरतं ह्यावर ठरते.

डिझेलनं ठरवलं, ह्या मर्यादेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं.

१८८० साली शिक्षण संपवून तो लिंडे ह्यांच्या बर्फाच्या यंत्रांच्या धंद्यात लागला. दिवसा नोकरी आणि बाकीच्या वेळात प्रयोग. अमोनियाच्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनात त्यानं वर्षं घालवली. एकदा स्फोट होऊन जबर जखमी झाला. शेवटी तो नाद सोडला आणि साध्या हवेकडे वळला.

सायकलमध्ये पंपानं हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की ती तापते. डिझेलची कल्पना हीच. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबायची की ती स्वतःच भट्टीसारखी तापेल. मग त्यात इंधन सोडलं की ठिणगीशिवाय पेट घेईल. जितका जास्त दाब, तितकं त्याच इंधनातून जास्त काम.

१८९२ साली त्यानं पेटंटचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी पुस्तिका छापली. कागदावरचा त्याचा हिशेब होता सत्तर टक्क्यांच्याही वरचा. थोडक्यात, आजच्या जाहिरातींसारखाच मोठा दावा.

फरक पुढं आहे. त्यानं तो दावा लोखंडावर तपासायला घेतला.

ऑग्सबर्गच्या कारखान्यानं जागा दिली, क्रुप कंपनीनं पैसा घातला. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंधनानं पेट घेतला, पण दाब मोजायचं उपकरणच फुटलं आणि डिझेल थोडक्यात वाचला. फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन स्वतःच्या जोरावर चाललं, पण किती वेळ? एक मिनिट. कागदावरच्या कल्पनेतला बराच भाग त्याला सोडून द्यावा लागला. इंधन फवारायचं कसं, एवढ्या प्रश्नानं त्याला वर्षानुवर्षं झुंजवलं.

शेवटी १७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर ह्यांनी त्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. आकडा आला २६ टक्क्यांच्या आसपास.

सत्तरचा दावा आणि हातात सव्वीस! तरीही इंजिनांच्या दुनियेत हा भूकंप होता, कारण वाफेच्या इंजिनापेक्षा हे अडीचपटीहून जास्त होतं आणि त्रयस्थ माणसानं मोजलेलं होतं.

लायसन्स विकून डिझेल श्रीमंत झाला. पण इंजिन पुरतं तयार व्हायच्या आधीच बाजारात गेलं होतं. सुरुवातीची इंजिनं बंद पडू लागली, गिऱ्हाइकं ती परत करू लागली. पेटंटची भांडणं सुरू झाली. डिझेलची तब्येत ढासळली, गुंतवणुकीत पैसा बुडाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो ड्रेस्डेन नावाच्या बोटीनं बेल्जियमहून इंग्लंडला निघाला. सकाळी केबिन रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह सापडला. त्याच्या खिशातल्या वस्तू मुलानं ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, ह्याचा उलगडा आजवर झालेला नाही. मागं उरलं होतं ते मोठं कर्ज.

त्याचं इंजिन मात्र वाढत गेलं. आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली टर्बोच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. १९२७ पासून बॉश कंपनीचे इंधन फवारणारे पंप बाजारात आले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि डिझेल इंजिन आपल्याकडच्या विहिरींवर पोचलं. प्रत्येक वेळी सुधारणा झाली ती दाबात, हवेत नाहीतर फवाऱ्यात.

आता ती जाहिरात पुन्हा पाहू.

चुंबक बसवल्यानं इंधन चांगलं जळतं म्हणतात. पण धडधाकट इंजिनात जवळपास सगळं इंधन जळतंच. तोटा होतो तो जळल्यानंतर, सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून जाणाऱ्या उष्णतेत. नळीवरचं चुंबक त्या उष्णतेला हातही लावत नाही. शिवाय डिझेल किंवा पेट्रोल काही लोखंडासारखं चुंबकाला दाद देत नाही.

पाण्यापासून हायड्रोजन बनवणाऱ्या किटचंही तसंच. पाणी फोडायला वीज लागते, ती इंजिनच बनवतं, आणि त्यात जेवढं जातं तेवढं परत मिळत नाही. सॉकेटमध्ये खोचायच्या कितीतरी डब्या उघडल्या तर आत फक्त लुकलुकणारे दिवे निघालेत. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं अशी शंभराहून जास्त यंत्रं तपासली. ॲव्हरेजमध्ये ठळक फरक पाडणारं एकही सापडलं नाही.

मग काहींना फरक जाणवतो तो कसा? यंत्र बसवल्यावर माणूस ॲव्हरेजवर लक्ष ठेवतो, गाडी हळुवार चालवतो, हवा तपासतो. फरक पायानं पाडलेला असतो, श्रेय डबीला जातं.

सगळंच थोतांड आहे का? नाही. टर्बो गाडीच्या कंप्युटरची सेटिंग बदलून ताकद खरंच वाढते, कारण तिथं सिलिंडरमधली हवा आणि इंधनच वाढवलं जातं. पण त्याची किंमत असते. इंजिन आणि क्लचवर ताण, जास्त धूर, वॉरंटीवर पाणी. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत.

शेतातल्या डिझेल पंपावर तर बाहेरून केलेली दुरुस्तीही कामी येते. पाइप पुरेसा रुंद घेतला आणि कमी अडथळ्याचा फुटव्हॉल्व्ह लावला की डिझेल वाचतं. कारण इंजिनाला पाणी ओढायला कमी जोर लागतो. गाडीच्या टायरमध्ये हवा बरोबर असेल तर फायदा होतो तो ह्याच हिशेबानं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ॲव्हरेजचं यंत्र विकायला आलं की दोनच प्रश्न विचारा. हे यंत्र सिलिंडरमध्ये नेमकं काय बदलतं, किंवा इंजिनावरचा कुठला भार कमी करतं? आणि विकणारा सोडून ते मोजलंय कुणी?

संत्र्याचं कलम घेताना आपण खुंट कुठला, डोळा कुठल्या झाडाचा, हे विचारतोच की. इंजिनाच्या बाबतीत ह्याच दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला रुडॉल्फ डिझेलसारख्या माणसाला पाच वर्षं लागली होती.