कमलताई रणदिवे

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी स्तनातील गाठ वर्षभर घरात कोणाला सांगितली नाही. रंकाळ्यावर आम्ही रोज बरोबर फिरावयास जात असू, तरी मला कळले नाही. पुढे शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी पाच वर्षे रोज एक गोळी घ्यावयास सांगितली. एवढीशी गोळी करते तरी काय, हे शोधता शोधता पुस्तकांतून मला कमलताई भेटल्या.

त्या माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे असे फर्ग्युसनमध्ये शिकविणाऱ्या वडिलांना वाटे. तिने घेतले वनस्पतिशास्त्र! १९३९ साली लग्न होऊन त्या पुढे मुंबईस आल्या. टाटा रुग्णालयात काम करीत, डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. संसार सांभाळूनच हे सारे चालले होते. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. गाय यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीत पेशी वाढविण्याची विद्या त्या शिकल्या, आणि मुंबईस परतून तशी प्रयोगशाळा त्यांनी आपल्या देशात उभारली.

उंदरांच्या माद्यांवर त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, विषाणू आणि स्त्रीदेहातील संप्रेरके यांचा एकमेकांशी काय संबंध, हा त्यांचा विषय. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप्या. पेशीला जणू एक कुलूप असते. इस्ट्रोजेनची किल्ली त्यात फिरली की वाढ, असा हुकूम आत पोचतो. कर्करोगाची पेशी त्याच हुकुमावर माजते. जाऊबाईंची टॅमॉक्सिफेनची गोळी त्या कुलपात आधीच जाऊन बसते, मग खऱ्या किल्लीला जागा उरत नाही. मात्र काही गाठींना हे कुलूपच नसते, म्हणून आधी गाठीचा तुकडा तपासावा लागतो. ही गोळी कमलताईंची नव्हे. ती परदेशात निघाली. पण संप्रेरकांचे हे कोडे आपल्याकडे एक मराठी बाई उकलीत होती, याचे मला फार अप्रूप वाटले.

१९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढण्यात त्या पुढे होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाकडे वळल्या. २००१ साली त्या वारल्या.

जाऊबाईंची चार वर्षे झाली. गोळ्यांची डबी देवघराच्या कोनाड्यात असते. तुळशीला पाणी घातले की गोळी. यंदाच्या हळदीकुंकवाला त्यांनी आपल्या गाठीची हकीकत स्वतःच सांगितली. वाण घेऊन झाल्यावर दोघी जणी मागे थांबल्या आणि त्यांच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या.