मुळशीचे धरण आणि सेनापतींचा धर्म

विज्ञान आणि धर्म यांच्या झगड्याचा विषय निघाला की आपले विद्वान तडक गॅलिलिओच्या चौकशीकडे धाव घेतात. असा एक झगडा पुण्याच्या पश्चिमेस मुळशी पेट्यात घडला. आणि त्यात मावळ्यांच्या श्रद्धेची बाजू लढवणारा पुरुष विलायतेत यंत्रविद्या शिकावयास गेलेला होता, याचे मात्र स्मरण क्वचितच होते.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म पारनेरचा, १८८० सालचा. डेक्कन कॉलेजातील शिक्षणानंतर शिष्यवृत्ती मिळवून ते अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी एडिंबरोस गेले. परंतु सरकारविरुद्ध केलेल्या जहाल भाषणामुळे ती शिष्यवृत्ती बंद झाली. पुढे पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांच्या साहाय्याने बाँबची कृती हस्तगत करून १९०८ मध्ये ते स्वदेशी परतले. बंगालमधील कटात नाव आल्याने काही वर्षे अज्ञातवासात गेली, १९१२ मध्ये अटक झाली आणि पुराव्याअभावी सुटका. सुटल्यावर या पदवीधराने पारनेरात हाती झाडू घेऊन गावचे रस्ते साफ केले. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कार्यातही त्यांनी काही काळ भाग घेतला. ज्याने शास्त्रीय ज्ञान मराठीत आणण्यास हातभार लावला, त्यास विज्ञानाचा वैरी कोण म्हणेल?

टाटा कंपनीची योजना अशी होती: मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाशी बांध घालावयाचा, पाणी सह्याद्री फोडून कोकणात भिरा येथे उतरवावयाचे आणि त्या पतनातून निर्माण होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची. स्थापत्य म्हणून ती कल्पना भव्य होती, हे मान्य केले पाहिजे. किंमत मात्र पन्नासाहून अधिक गावांनी मोजावयाची होती. आंबेमोहोराची खाचरे, ग्रामदैवते, पूर्वजांची स्थाने, सारे काही जलसमाधी घेणार होते. मावळ्याच्या लेखी जमीन ही अन्नदात्री देवता होती. भूसंपादनाच्या कायद्याच्या लेखी ती मोबदल्याची बाब होती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी सत्याग्रहास बसले आणि काम थांबले. विनायकराव भुस्कुटे यांच्यासह बापट या लढ्याचे नेते होते. सेनापती ही पदवी त्यांस याच लढ्याने दिली. यातील विपरीत भाग असा की, मुळशीच्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. ही मंडळी धर्मनिष्ठ, सोवळेओवळे सांभाळणारी. तरीही मोबदला पदरात पडण्याची चिन्हे दिसताच त्यांचा विरोध मावळला. धर्म आणि यंत्र या दोहोंशी त्यांचे कधीच वाकडे नव्हते. खरे भांडण श्रमकर्त्या कुळांचे होते, आणि त्यांच्या बाजूस अखेरपर्यंत उरले ते बापट आणि त्यांचे मोजके सोबती.

या एकाकीपणातून त्यांचा शुद्ध सत्याग्रहाचा विचार दृढ झाला. हेतू निर्मळ असेल आणि प्राण देण्याची सिद्धता असेल, तर हिंसाही सत्याग्रहीस वर्ज्य नाही, असे ते मानू लागले. गांधीजींना हे मान्य होणे शक्यच नव्हते. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामावरील आगगाडी सशस्त्र अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे त्यांचा तोल गेला: हेतूची शुद्धता ज्याची त्यानेच ठरवावयाची असेल, तर प्रत्येक धर्मवेड्यास हाच आधार पुरेसा होईल. अर्थात दुसऱ्याच्या जमिनीचे मोल एकतर्फी ठरवणारी कंपनी याहून निराळे काही करीत नव्हती.

बापटांची तात्त्विक बैठक कळते ती अरविंदबाबूंच्या ‘दिव्य जीवना’च्या त्यांनी केलेल्या मराठी अनुवादावरून. जडवाद्याने आत्मा नाकारावा आणि संन्याशाने जग नाकारावे, हे दोन्ही नकार त्या ग्रंथास अमान्य आहेत. जडद्रव्य हीच चैतन्याची भूमी होय, ही त्याची धारणा आहे. बाँबची कृती, गावची झाडलोट आणि भाताची खाचरे या तिन्हींत ज्याचे मन सारखेच रमले, त्यास हा ग्रंथ जवळचा वाटावा यात नवल नाही.

१९३१ मध्ये सेनापती तुरुंगातून सुटले, तेव्हा भिऱ्याचे विद्युत्गृह केव्हाच सुरू झाले होते. पुढे गोव्याच्या मुक्तिलढ्यात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात वार्धक्यातही ते अग्रभागी राहिले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे तो गिरणगावातून, दादरपासून दक्षिणेकडे जातो. मुळशीची वीज ज्या गिरण्यांसाठी वाहून नेली, त्यांचा परिसर तोच.